मे महिन्यात थायलंड: ऊन ओळखीचं, हवा अनोळखी

एरंडोलच्या एका ताईंनी विचारलंय: मे महिन्याच्या सुटीत सात दिवस थायलंडला जायचं आहे, बँकॉक, पटाया आणि फुकेत. सोबत नवरा, आठ आणि तेरा वर्षांची दोन मुलं, आणि सासू-सासरे. सासऱ्यांना बीपी, सासूबाईंना शुगर. देशाबाहेर पहिल्यांदाच निघालेत सगळे. "आम्ही ४५ अंशात राहणारी माणसं, त्यामुळे उन्हाची काळजी नाही. बॅगेत काय घ्यायचं आणि कुठे फसवणूक होते तेवढं सांगा," असं त्या लिहितात.

ताई, बॅगेचं आणि फसवणुकीचं सांगते. पण तुम्ही जी काळजी सोडून दिलीत, तीच मला सगळ्यात मोठी वाटते. जळगाव-धुळ्याकडच्या मंडळींना घेऊन मी त्या बाजूला जाते, आणि आपल्याकडची माणसं तिथे आजारी पडतात ती बहुतेक याच भरवशावर. "आमच्या इथे तर याहून जास्त तापतं," असं म्हणत दुपारी बारा वाजता देवळाच्या अंगणात उभी राहतात आणि तासाभरात कुणाला तरी चक्कर येते.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील. घाम आला म्हणजे अंग गार होत नाही, घाम सुकला की गार होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असला तरी हवा कोरडी असते. घाम आलेला कळतही नाही इतक्या लवकर तो उडून जातो. आपला कूलर आणि माठ चालतात ते याच जोरावर. पाणी उडालं नाही, तर कूलर नुसता दमट वारा फेकतो, हे आपण जुलै-ऑगस्टमध्ये घरीच बघतो. बँकॉकमध्ये मे महिन्यात दुपारचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. आकडा ऐकून आपल्याला हसू येतं. पण हवेतली आर्द्रता सरासरी सत्तर टक्क्यांच्या वर. तिथे घाम सुकत नाही, नुसता वाहतो. अंगातलं पाणी आणि मीठ जातं, पण अंग गार होत नाही. रात्रीही तीच चिकचिक. गच्चीवर अंथरूण टाकलं की निभावतं, असं तिथे होत नाही.

मात्र एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि एप्रिल-मे एरंडोलमध्ये काढलेल्या माणसाची निम्मी तयारी झालेली असते. जानेवारीत, आपल्याकडे रात्री स्वेटर लागतो तेव्हा तिकडे गेलं, तर पहिले दोन दिवस जड जातात. पण दिवसभर एसी ऑफिसात किंवा दुकानात बसणाऱ्याला मे महिन्याचीही ही सवय मिळत नाही. तुमच्या घरात कोण कसं राहतं ते तुम्हालाच माहीत.

सासू-सासऱ्यांचं वेगळं लिहिते. वय झालं की तहान कमी लागते, म्हणून "तहान लागली की पाणी मागा" हे त्यांच्याबाबतीत चालत नाही. तासाला ग्लासभर पाणी समोर धरायचं. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. अशी गोळी चालू असेल आणि वर घामही वाहत असेल, तर बीपी उतरून उभं राहताना भोवळ येते. निघण्याआधी पंधरा दिवस डॉक्टरांना भेटा आणि नेमकं हेच विचारा: दमट उन्हात चालणं होणार आहे, गोळ्यांच्या मात्रेत काही बदल करायचा का? स्वतःच्या मनाने गोळी कमी-जास्त करू नका. ओआरएसबद्दलही विचारून घ्या. एक लिटर ओआरएसमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे एकाची शुगर आणि दुसऱ्याचं बीपी, दोन्हींशी संबंध आला. मुलांसाठी आणि तुमच्यासाठी मात्र लिटरभर पाण्यात टाकायच्या पुड्या घेऊन ठेवा. गोड सरबताचे तयार डबे हे ओआरएस नव्हेत.

कुणी उन्हात असंबद्ध बोलायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर पाणी पाजत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १६६९ हा वैद्यकीय मदतीचा नंबर फिरवा. हा उष्माघात असतो आणि तिथे मिनिटं मोजायची असतात.

आता दिवस कसा बांधायचा. एजंटाने तुम्हाला दिलेला कार्यक्रम मी पाहिलेला नाही, पण बहुतेकांचा असाच असतो: सकाळी निवांत नाश्ता, दहाला गाडी, बारा ते तीन देवळं, मग खरेदी. हा क्रम उलटा करून मागा. बँकॉकचा राजवाडा, म्हणजे ग्रँड पॅलेस, साडेआठला उघडतो. साडेआठलाच दारात असा. अंगणात सावली कमी आहे आणि फरशी तापते. शेजारचं वाट फो (तिथे देवळाला 'वाट' म्हणतात), जिथे ४६ मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती आहे, तेही सकाळीच उरका. साडेअकराला जेवण, मग चारपर्यंत हॉटेल, मॉल किंवा वातानुकूलित संग्रहालय. साडेचारनंतर चाओ फ्राया नदीवरची बोट, पलीकडचं वाट अरुण, बाजार. "परदेशात येऊन दुपारी झोपायचं का?" असं कुणीतरी हमखास म्हणणार. म्हणू द्या. आपल्याकडेही मे महिन्यात दुपारी एक ते चार शेतात कुणी नसतं.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. मुंबईहून बँकॉकला विमान चार-साडेचार तासांत पोहोचतं आणि बरीच विमानं रात्री सुटून पहाटे उतरवतात. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. हॉटेलची खोली मात्र दुपारी दोनला मिळते. म्हणजे आदल्या दिवशी जळगाव किंवा भुसावळहून रेल्वेने मुंबई, रात्रभर जागरण, आणि मग सकाळी सहा ते दुपारी दोन उन्हात वणवण. म्हाताऱ्यांची तब्येत बिघडते ती याच दिवशी. थोडे जास्त पैसे भरून सकाळीच खोली मिळेल असं बुकिंग करा, नाहीतर दिवसा उतरणारं विमान घ्या. पैसे वाचवायला इतर जागा आहेत. आणि मुंबईला आदल्या दिवशीच पोहोचा. गाडी उशिरा धावली तर विमान थांबत नाही.

फुकेतबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मे महिन्यात, म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन, सात दिवसांत फुकेत कोंबू नका. फुकेत आणि क्राबी अंदमान समुद्राच्या बाजूला आहेत. आपल्याकडे केरळात येतो तोच नैर्ऋत्य मोसमी पाऊस तिकडे मे ते ऑक्टोबर असतो. समुद्र खवळलेला, फी फी बेटाकडे जाणाऱ्या बोटी उसळतात, आणि जवळची सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंदच असतात. पटाया थायलंडच्या आखाताच्या बाजूला असल्यामुळे तिथला समुद्र त्या मानाने शांत. बेटच हवं असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर आखातातलं को सामुई मे महिन्यात फुकेतपेक्षा बरं. मात्र दिवाळीच्या सुटीत, नोव्हेंबरमध्ये, हेच गणित उलटतं: तेव्हा फुकेतकडचा पाऊस सरलेला असतो आणि सामुईला झोडपून काढत असतो. तुम्हाला दिवाळीत जाणं शक्य असेल, तर मी तोच मुहूर्त सुचवेन. मुलांच्या शाळेमुळे ते जमत नसेल, तर बँकॉक चार दिवस, पटाया तीन दिवस. विमानात आणि विमानतळावर जाणारा एक दिवस वाचेल.

समुद्राबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपण समुद्रापासून दूरची माणसं. तापीत, गिरणेत पोहायला शिकलेला माणूस स्वतःला पट्टीचा पोहणारा समजतो. नदीचा ओढा दिसतो. समुद्रात मात्र किनाऱ्याकडून आत खेचणारा प्रवाह वरून शांत दिसतो, बऱ्याचदा दोन लाटांच्या मधली सपाट जागा तीच असते. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका, ओढा सुटला की मग परत या. लाल झेंडा लावलेला असेल तर पाण्यात जायचंच नाही, गुडघाभरही नाही. काही किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरची बाटली अडकवलेली दिसेल. ती विषारी जेलीफिशच्या डंखासाठी असते. डंख झाला तर त्या जागी व्हिनेगर ओतायचं, चोळायचं नाही, आणि मदत बोलवायची.

पटायाहून को लान बेटावर स्पीडबोटीने नेतात. ती लाटांवर आदळत जाते, आणि मणक्याचा त्रास असलेल्या माणसाला ते दणके महागात पडतात. बाली हाय धक्क्यावरून साधी फेरीबोट जाते, पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो, भाडंही कमी. सासू-सासऱ्यांना तिनेच न्या. मुलांना पाठीवर आणि मानेवर सनस्क्रीन लावा, दर दोन तासांनी पुन्हा, ढग असले तरी. बँकॉक आपल्यापेक्षा विषुववृत्ताच्या बरंच जवळ आहे, आणि पाण्यावरून परतणारं ऊन वेगळं भाजतं.

कपड्यांचं आता सोपं होईल. जीन्स घरी ठेवा. ती एकदा ओली झाली की दिवसभर सुकत नाही. पातळ, सैल सुती किंवा झटपट सुकणारे कपडे, आणि रोज दोन जोड धरा, कारण दुपारी बदलावेच लागतात. सासूबाई साडी नेसत असतील तर पातळ सुती नेसू द्या, काठापदराची नको. चालून चालून मांड्या घासल्या जातात, ओल्या परकराने तर जास्तच. सकाळी व्हॅसलिन लावून निघायचं. हे बायका बोलत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी लंगडायला लागतात. काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की गजकर्ण आणि नायटा धरतो, म्हणून रात्री अंघोळ करून अंग नीट कोरडं करायचं. ओले कपडे बॅगेत कोंबायचे नाहीत.

देवळांत आणि राजवाड्यात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी आणि पंजाबी ड्रेस चालतो, मुलांच्या हाफ पँट चालत नाहीत. देवळात चप्पल काढावी लागते. शुगर असलेल्या माणसाच्या पायाला चटका लागलेला कळत नाही, म्हणून सासूबाईंसाठी जाड मोजे पर्समध्ये ठेवा आणि रोज रात्री त्यांचे तळवे तुम्ही स्वतः बघा. इन्सुलिन असेल तर ते हाताच्या बॅगेतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इतर गोळ्याही मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर तिथे कडक नियम आहेत, त्यामुळे तशा काही असतील तर आधी दूतावासाच्या संकेतस्थळावर तपासा.

जेवणाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. तिखटाचा आपल्याला त्रास नाही. त्रास आहे तो माशांपासून केलेल्या सॉसचा, ज्याला ते नाम प्ला म्हणतात. भाजीचीच डिश मागवली तरी तो पडतो, आणि कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबीही असते. तुम्ही शाकाहारी असाल तर "जे" असं सांगा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असलेल्या त्या दुकानांत मांस, मासे, अंडी, दूध, कांदा-लसूण काहीच नसतं. बँकॉकमध्ये पाहुरात आणि सुखुमवित भागांत भारतीय जेवण सहज मिळतं, पटायात तर पावलोपावली. घरून दशम्या, शेव, शेंगदाण्याची चटणी न्या, पण छोट्या हवाबंद पुड्यांत, एका वेळी एक फोडायची. मोठा डबा उघडला की तिथल्या हवेत संध्याकाळपर्यंत सगळं सादळतं. ताजी फळं, रोपं, बियाणं नेऊ नका. विमान सिंगापूरमार्गे असेल तर खसखस आणि खायची तंबाखूही नको, तिथे दोन्हींवर बंदी आहे. मे महिन्यात मँगोस्टीन आणि रांबुतान येतात, मुलांना जरूर खाऊ घाला. केळी बघून सासरे थांबतील, आपल्या पट्ट्यातले सगळेच थांबतात. तिथली निखाऱ्यावर भाजलेली छोटी केळी चाखण्यासारखी असतात. नळाचं पाणी मात्र पिऊ नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्ट परतल्यानंतरही चालेल इतका, प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध असावा. व्हिसाचे नियम भारतीयांसाठी २०२३ पासून वरचेवर बदलत आलेत, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा, ओळखीच्याने गेल्या वर्षी काय केलं त्यावर जाऊ नका. १ मे २०२५ पासून प्रत्येकाला डिजिटल आगमन पत्र ऑनलाइन भरावं लागतं, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. सरकारी संकेतस्थळावर ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की बंद करा. प्रवासविमा घेताना बीपी आणि शुगर लपवू नका, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. लपवलेला आजार निघाला की दावा नाकारला जातो, आणि तिथली खासगी रुग्णालयं चांगली आहेत पण महाग आहेत. पॉवरबँक हातातल्या बॅगेत. आपला दोन बारीक पिनांचा चार्जर तिथे चालतो, तीन जाड पिनांचा चालत नाही.

फसवणुकीचे प्रकार ठरलेले आहेत. राजवाड्याबाहेर चांगले कपडे घातलेला माणूस सांगतो, आज बंद आहे, मी स्वस्तात टुकटुकने (तिथल्या रिक्षाने) दुसरीकडे नेतो, आणि टुकटुक रत्नांच्या दुकानात थांबतं. तुम्ही सरळ दारापर्यंत चालत जा. समुद्रावर भाड्याने दिलेल्या वॉटर स्कूटरवर आधीच असलेला ओरखडा नंतर तुमच्या नावावर लावतात. घेऊच नका, हा माझा सल्ला. पासपोर्ट तारण म्हणून कुणालाही द्यायचा नाही. दुचाकी भाड्याने घेण्याचा मोह तुमच्या यजमानांना होईल, कारण रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच. पण दुचाकीच्या नोंदीचा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातात विमा हात वर करतो. टॅक्सी मीटरने किंवा ग्रॅब ॲपवरून. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग असे दोन विमानतळ आहेत आणि ते एकमेकांपासून लांब आहेत, तिकिटावर कुठला लिहिलाय ते बघा. भांडण वाढलं तर ११५५ हा पर्यटक पोलिसांचा नंबर.

तिथे गांजाच्या पानाचं चित्र असलेली दुकानं, गोळ्या-बिस्किटं दिसतील. तेरा वर्षांच्या मुलाला आधीच समजावून ठेवा, कारण चॉकलेट म्हणून हातात घेतलं जाऊ शकतं. भारतात परत आणलं तर आपल्या कायद्याने गुन्हा आहे. ई-सिगारेट तर थायलंडमध्येही बेकायदा आहे. राजघराण्याबद्दल टिंगल नको, नोटेवर पाय नको, कारण त्यावर राजाचं चित्र असतं. भिक्षूंना बायकांनी स्पर्श करायचा नाही.

डासांकडे रात्रीपुरतं लक्ष देऊ नका. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळी जास्त, म्हणजे नेमकं मी तुम्हाला बाहेर पडायला सांगितलंय त्या वेळी. उघड्या हातापायांना मलम लावूनच निघा, आधी सनस्क्रीन, मग डासांचं. परत आल्यावर पंधरा दिवसांत कुणालाही ताप आला, तर व्हायरल समजून घरी बसू नका. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की थायलंडहून आलोय, आणि डेंग्यूची तपासणी होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. सासऱ्यांना बीपीबरोबर रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.